चांगल्या राजाला कायदा कशाला? : ग्रीक राज्यविचारातील कायद्याचे राज्य आणि निरंकुश सत्ता यांच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

पदवी स्तरावर राज्यशास्त्र हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याचा ग्रीक विचाराशी परिचय होतो तो 'पाश्चात्त्य राजकीय विचार' या अभ्यासपत्रिकेतून. अभ्यासक्रमाच्या आवृत्त्या बदलल्या, सत्र पद्धती आली, श्रेयांक पद्धती आली. तथापि प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा आणि ॲरिस्टॉटलचे शासनसंस्थांचे वर्गीकरण हे दोन घटक वर्षानुवर्षे टिकून राहिले. हे घटक आपण कसे शिकवतो आणि अध्यापन संपल्यावर विद्यार्थ्याच्या मनात नेमके काय उरते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

या चिकित्सेला वर्गातील एक प्रश्न निमित्त झाला. विंझर हे भोर-वेल्ह्याच्या मावळ पट्ट्यातील गाव. येथील विद्यार्थी राजगड आणि तोरणा यांच्या सान्निध्यात वाढलेले असतात आणि शिवचरित्र त्यांना पुस्तकापूर्वी घरात भेटलेले असते. ॲरिस्टॉटलने व्यक्तीच्या सत्तेपेक्षा कायद्याची सत्ता श्रेष्ठ का मानली, हे सांगून झाल्यावर तृतीय वर्षातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, राजा महाराजांसारखा असेल तर त्याला कायदा कशाला पाहिजे?" वर्गातील अनेकांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी ॲरिस्टॉटलचे मुद्दे क्रमाने फळ्यावर लिहिले आणि परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे असे सांगून तास संपवला. ते उत्तर नव्हते, हे मला आणि बहुधा त्या विद्यार्थ्यालाही ठाऊक होते.

पुढे लक्षात आले की हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो खुद्द प्लेटोचा प्रश्न होता. ग्रीक विचारविश्वाने त्याच्याशी दोन शतकांहून अधिक काळ झुंज घेतली. आपल्या अध्यापनातून मात्र ती झुंज वगळली गेली आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ग्रीक विचार आपण सिद्धान्तांची यादी म्हणून शिकवतो, म्हणून वर्गात 'चांगला राजा' जिंकतो आणि कायदा हरतो. तोच विचार एका प्रश्नाचा इतिहास म्हणून शिकवला, तर तो मावळातील विद्यार्थ्याला परका राहत नाही.

तक्त्यात बंदिस्त झालेला विचार

आपल्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत ॲरिस्टॉटल एका तक्त्याच्या रूपाने येतो. एक, थोडे आणि अनेक अशा तीन ओळी. शुद्ध आणि विकृत असे दोन रकाने. त्यांत राजेशाही, जुलूमशाही, महाजनशाही, अल्पजनशाही इत्यादी सहा नावे. हा तक्ता पाठ करण्यास सोपा, तपासण्यास सोपा आणि म्हणून प्रश्नपत्रिकेत कायमचा. तो चुकीचाही नाही. ॲरिस्टॉटलने तसे वर्गीकरण केलेच आहे. परंतु तक्त्यातून एक गैरसमज आपोआप तयार होतो. राज्यकर्ता सर्वांचे हित पाहणारा असेल तर राजेशाही आणि स्वतःचे हित पाहणारा असेल तर जुलूमशाही, एवढाच फरक विद्यार्थी लक्षात ठेवतो. म्हणजे सारा भार राज्यकर्त्याच्या हेतूवर येतो. हेतू चांगला असला की प्रश्न मिटला, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

वस्तुतः ॲरिस्टॉटल तिसऱ्या पुस्तकातच या निष्कर्षाला अडवतो. कायदा म्हणजे वासनारहित विवेक आणि विकार हे उत्तम माणसालाही वाकवतात, असे तो सांगतो. वैद्य स्वतः आजारी पडला की दुसऱ्या वैद्याला बोलावतो, हा त्याने दिलेला दाखला तर कोणत्याही खेड्यातील विद्यार्थ्याला तत्काळ कळतो. चौथ्या पुस्तकात तो आणखी पुढे जातो : जेथे कायद्याऐवजी लोकांचे ठरावच सर्वोच्च ठरतात आणि लोकानुनयी पुढारी त्या ठरावांचे सूत्रधार बनतात, ती लोकशाही जुलूमशाहीसारखीच असते. हा मुद्दा तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही आणि म्हणून शिकवला जात नाही.

हीच गत प्लेटोची. 'रिपब्लिक'मधील तत्त्वज्ञ राजा हा सोळा गुणांचा प्रश्न ठरतो. विद्यार्थी त्याचे शिक्षण, संपत्ती व कुटुंब यांविषयीचे विचार आणि त्यांवरील टीका लिहितो. टीकेतील पहिला मुद्दा 'स्वप्नाळू' हा असतो. स्वप्नाळू म्हणजे चुकीचे नव्हे. घडून आले तर उत्तमच, असा त्याचा अर्थ विद्यार्थी घेतो. कायद्याविना राज्य करणारा सर्वज्ञ माणूस ही कल्पना धोक्याची का आहे, हा प्रश्न टीकेच्या यादीत आला तरी शेवटी येतो.

'टायरनी' या शब्दाचे मराठीकरण

अध्यापनातील दुसरी अडचण भाषेची आहे. 'टायरनी'साठी मराठी पुस्तकांत जुलूमशाही, हुकूमशाही, अत्याचारी राजवट असे अनेक शब्द आढळतात. या प्रत्येक शब्दाने मूळ संकल्पनेची एक बाजू दाखवली जाते आणि दुसरी झाकली जाते. 'हुकूमशाही' हा शब्द विसाव्या शतकातील राजवटींकडे बोट दाखवतो. 'जुलूमशाही'त क्रौर्य गृहीत धरलेले आहे. जुलूम दिसला नाही तर जुलूमशाही नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

ग्रीक 'तिरानोस' या शब्दात मुळात क्रौर्य नव्हते. हा शब्द बहुधा ग्रीकेतर भाषेतून आला. वंशपरंपरेने किंवा प्रस्थापित रीतीने नव्हे, तर स्वबळाने सत्तेवर आलेला माणूस म्हणजे तिरानोस. तो दुष्ट असेलच असे नाही. सॉफोक्लिसच्या सुप्रसिद्ध शोकांतिकेच्या रूढ ग्रीक शीर्षकात ईडिपससाठी हाच शब्द आहे. पु. ल. देशपांडे यांच्या मराठी अवताराचे नाव मात्र 'राजा ओयदिपौस' असे आहे. नाटकाचे नाव म्हणून ते योग्यच आहे. पण याचा परिणाम असा की, जो शब्द मराठी वाचकाला राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'जुलमी' म्हणून भेटतो, तोच रंगभूमीवर 'राजा' म्हणून भेटतो आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखकाला वर्गात 'निरंकुश सत्ता' हा शब्द अधिक उपयुक्त वाटला आहे. अंकुश म्हणजे माहुताच्या हातातील टोचणी. हत्ती शांत असतो तेव्हाही ती हातात असावीच लागते. ज्या सत्तेवर अंकुश नाही ती सत्ता आज सौम्य आहे की क्रूर, हा नंतरचा प्रश्न होय. हा शब्द वापरला की विद्यार्थ्याचे लक्ष राज्यकर्त्याच्या स्वभावावरून त्याच्यावरील बंधनाकडे वळते.

'कायदा' या शब्दाबाबतही अशीच दक्षता हवी. ग्रीक 'नोमोस'मध्ये लिखित कायदा, रूढी, रिवाज आणि जगण्याची सामायिक रीत हे सर्व सामावलेले आहे. आपल्याकडे 'मला कायदा शिकवू नकोस' असे म्हणताना कायदा ही बाहेरून आलेली, कचेरीत राहणारी गोष्ट असते. नोमोस हा गावातच राहणारा असतो. त्याचे बळ त्यात आहे आणि, पुढे पाहू त्याप्रमाणे, त्याचा धोकाही त्यातच आहे.

पिसिस्ट्रॅटसपासून सुरुवात

ग्रीक विचाराचे अध्यापन प्लेटोपासून सुरू करण्याऐवजी त्याच्या आधीच्या शतकांतील अथेन्सपासून करावे, असे सुचवावेसे वाटते. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोनकडे कर्जबाजारी शेतकरी आणि सरदार घराणी यांच्यातील संघर्ष मिटविण्याचे काम आले. त्याने कर्जे रद्द केली, कर्जापायी गुलाम होण्याची प्रथा बंद केली, कायदे लिहून प्रकट केले आणि अन्याय झालेल्या माणसाच्या वतीने कोणाही नागरिकाला दाद मागता येईल अशी तरतूद केली. निरंकुश सत्ता घेण्याची संधी असूनही त्याने ती घेतली नाही. कायदे देऊन तो दहा वर्षे देशाबाहेर निघून गेला.

त्याच्या मागोमाग पिसिस्ट्रॅटस आला. त्याने स्वतःला जखमा करून घेतल्या, शत्रूंनी हल्ला केला असे सांगितले आणि सभेकडून अंगरक्षक मंजूर करून घेतले. म्हणजे निरंकुश सत्तेचा मार्ग सभेच्याच ठरावाने मोकळा झाला. दोनदा पदच्युत होऊन तो तिसऱ्यांदा परत आला आणि इ.स.पू. ५२७ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला.

'अथेन्सची राज्यघटना' हा ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील ग्रंथ दीर्घकाळ हरवलेला होता. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून तो १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पिसिस्ट्रॅटसचे जे चित्र आहे ते वर्गात आवर्जून सांगावे. त्याने गरीब शेतकऱ्यांना शेतीसाठी कर्जे दिली. लोकांना शहरात खेटे घालावे लागू नयेत म्हणून गावोगावी न्यायाधीश नेमले. हायमेटस डोंगरावर दगडगोटे खणणाऱ्या एका शेतकऱ्याला पिकते काय असे विचारले असता तो उत्तरला की, दुखणी आणि कष्ट पिकतात आणि त्यांतलाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रॅटसला द्यावा लागतो. हे ऐकून पिसिस्ट्रॅटसने त्याला करमाफी दिली. एकदा त्याच्यावर खुनाचा आरोप आला, तेव्हा तो स्वतः न्यायसभेपुढे हजर झाला. आरोप करणाराच घाबरून आला नाही.

डोंगरउतारावरची शेती आणि कोर्टकामासाठी पडणारे हेलपाटे ठाऊक असलेल्या मुलांना हा माणूस लगेच आवडतो. येथेच थांबून दोन प्रश्न विचारावेत. पहिला : आरोप करणारा का आला नाही? दुसरा : गावातच न्याय मिळण्याची सोय कोणाच्या फायद्याची होती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोच ग्रंथ देतो. शेतकरी आपापल्या शेतात गुंतून राहावेत, शहरात येऊन त्यांनी सार्वजनिक कारभारात लक्ष घालू नये, हाही त्यामागे हेतू होता. सोय मिळाली, सहभाग गेला.

आणि मग तिसरा प्रश्न आपोआप येतो : त्याच्यानंतर काय? सत्ता मुलांकडे गेली. इ.स.पू. ५१४ मध्ये हिपार्कसचा खून झाल्यावर हिप्पियसची राजवट कठोर झाली आणि ५१० मध्ये त्याला स्पार्टाच्या मदतीने घालवावे लागले. बापाच्या सौम्यतेला कायद्याचे बंधन नव्हते. म्हणून मुलाच्या कठोरतेलाही ते उरले नाही. चांगल्या राजाला कायदा कशाला, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. त्याच्या स्वतःसाठी कदाचित नसेल; त्याच्या गादीवर उद्या येणाऱ्यासाठी असतो.

हिरोडोटसने तिसऱ्या पुस्तकात रंगवलेल्या वादात ओटानीज आणखी एक पाऊल पुढे टाकतो. कोणालाही जाब न देणारी सत्ता उत्तमातल्या उत्तम माणसालाही बदलून टाकते, असे तो म्हणतो. म्हणजे प्रश्न केवळ वारसाचा नाही; खुद्द चांगल्या माणसाचाही आहे.

प्लेटोचा प्रवास

एवढी पार्श्वभूमी दिल्यानंतर प्लेटो शिकवला तर तो वेगळाच दिसतो. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जणांची राजवट आली, तिचा एक प्रमुख क्रिटियस हा प्लेटोचाच नातलग होता. त्या तीस जणांनी सॉक्रेटिसला एका निरपराध माणसाला पकडून आणण्याची आज्ञा केली. सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. पुढे इ.स.पू. ३९९ मध्ये पुनःस्थापित लोकशाहीच्या न्यायालयाने त्याच सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. या दोन अनुभवांतून 'रिपब्लिक'मधील ज्ञानी राज्यकर्त्याची मागणी निर्माण झाली, हे सांगितल्यावर ती स्वप्नाळू न वाटता जखमेतून आलेली वाटते. पहिल्याच पुस्तकात थ्रॅसिमॅकस न्याय म्हणजे बलवानाचे हित असे सांगतो. आपल्या 'बळी तो कान पिळी' या म्हणीचाच हा ग्रीक अवतार. प्लेटोला उत्तर द्यायचे होते ते या म्हणीला.

परंतु प्लेटो तेथे थांबला नाही. 'स्टेट्समन' या संवादात तो कायद्यावर कठोर टीका करतो : कायदा हा हट्टी, अडाणी माणसासारखा असतो, परिस्थिती बदलली तरी स्वतःचे म्हणणे सोडत नाही. आमच्या वर्गातील विद्यार्थ्याचा प्रश्न येथे शब्दशः नसला तरी भावार्थाने उपस्थित आहे. मात्र लगेच प्लेटो विचारतो की, खरा जाणता राज्यकर्ता मिळत नसेल तर काय करावे? परगावी जाणारा वैद्य रुग्णासाठी लेखी सूचना ठेवून जातो, तसे लिखित कायदे पाळणे हाच दुसरा उत्तम मार्ग ठरतो. आणि आपण जाणते आहोत असे भासवून कायदा मोडणारा एकटा सत्ताधारी हाच निरंकुश सत्ताधीश होय. निरंकुश सत्ताधीशाची ही व्याख्या क्रौर्यावर आधारलेली नाही, तर जाणतेपणाच्या दाव्यावर आधारलेली आहे. आपल्या काळासाठी ती अधिक बोधक आहे, असे वाटते.

अखेरच्या 'लॉज' या ग्रंथात हा प्रवास पूर्ण होतो. जेथे कायदा स्वामी आणि राज्यकर्ते त्याचे सेवक असतात तेच राज्य तरते, असे वृद्ध प्लेटो सांगतो. अमर्याद सत्ता पेलण्याची शक्ती मनुष्यस्वभावात नाही, ही कबुली तेथे आहे. आपण 'रिपब्लिक'वर सहा तास आणि 'लॉज'वर सहा ओळी खर्च करतो. त्यामुळे विद्यार्थ्याला प्लेटोचा प्रश्न मिळतो आणि प्लेटोने स्वतःच्या प्रश्नाला दिलेले उत्तर मिळत नाही.

रांझ्याचे पत्र

वर्गातील प्रश्नात महाराजांचा उल्लेख होता. त्याला बगल देणे शिक्षकाला सोयीचे असते; पण ते अप्रामाणिक ठरेल. सुदैवाने त्यासाठी दूर जावे लागत नाही. भोर तालुक्यातील रांझे गावच्या मोकदमाविषयीचे, १६४५-४६ च्या सुमाराचे शिवाजीराजांचे पत्र उपलब्ध आहे. बाबाजी गुजर या पाटलाकडून बदअमल घडला. त्याची चौकशी झाली. आरोप खरा ठरल्यावर त्याचे हातपाय तोडण्यात आले. ही कथा या परिसरात प्रत्येकाला माहीत असते आणि ती न्यायनिष्ठुर राजाची कथा म्हणूनच सांगितली जाते.

हे पत्र राज्यशास्त्राच्या दृष्टीने वाचले तर त्यात आणखी काही दिसते. शिक्षेच्या आधी चौकशी आहे. निर्णय लेखी आहे. गावचा पाटील, म्हणजे त्या काळचा गावातील सर्वांत बलवान माणूस, हा अन्यायाच्या आरोपातून सुटत नाही. आणि रिकामी झालेली पाटीलकी मर्जीतल्या कोणा माणसाला बहाल होत नाही. ती त्याच गुजर घराण्यातील व्यक्तीकडे जाते, कारण वतनाचा रिवाज तसा आहे. म्हणजे ज्या प्रसंगाला आपण राजाच्या व्यक्तिगत न्यायबुद्धीचा नमुना मानतो, त्यात राजा स्वतःहून एका नोमोसच्या चौकटीत वागताना दिसतो. मराठेशाहीतील गोतसभा आणि महजर यांची परंपरा, जिचा वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर अभ्यास केला, याच चौकटीची साक्ष देते.

असे वाचन केल्याने महाराजांचे मोठेपण उणावत नाही, उलट त्याचे स्वरूप स्पष्ट होते. मात्र यासोबतच एक मर्यादाही प्रांजळपणे सांगावी लागते. त्या चौकटीत राहण्याची सक्ती राजावर करू शकेल अशी संस्था नव्हती. शिक्षेचे स्वरूपही आजच्या कायद्याला मान्य होणार नाही. चौकट पाळणे हे राजाच्या शीलावर अवलंबून होते. शील वारसाहक्काने मिळत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी आज असे उत्तर देतो : महाराजांसारख्या राजालाही चौकशी, लेखी निर्णय आणि रिवाज यांची गरज वाटली, मग त्यांच्यासारखे नसलेल्यांना ती किती असावी?

कायदाच जुलमी असेल तर

येथपर्यंत कायद्याची बाजू मांडली. पण ग्रीकांचे गुणगान करून थांबलो तर अध्यापन पुन्हा एकांगी होईल. अथेन्सचा कायदा नागरिकांचा होता. स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना त्यात राजकीय स्थान नव्हते. ॲरिस्टॉटलने तर काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे प्रतिपादन केले. शिवाय जनसभाही निरंकुश होऊ शकते, हे इ.स.पू. ४०६ मध्ये दिसले. आर्गिनुसीच्या लढाईनंतर बुडणाऱ्या सैनिकांना न वाचविल्याबद्दल सेनापतींवर एकत्रित खटला चालवून त्यांना दोषी ठरविण्यात आले आणि हजर असलेल्या सहा जणांना मारण्यात आले. ही पद्धत कायद्याविरुद्ध आहे असे सांगून त्या दिवशी विरोधात ठाम राहिला तो सॉक्रेटिस. लोकांना हवे ते करू न देणे हाच अन्याय, असा आरडाओरडा सभेत झाल्याचे झेनोफनने नोंदवले आहे.

नोमोसचा दुसरा अर्थ, म्हणजे रूढी, हा महाराष्ट्रात अधिक जवळून कळतो. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावे लागले. लिखित निर्णय एका बाजूला होता आणि गावातला नोमोस दुसऱ्या बाजूला. पुढे विरोधकांनी पूर्वापार रूढीचा आधार घेऊन दिवाणी दावा लढवला; मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो दावा अमान्य केला.

या उदाहरणाने दोन गोष्टी एकदम शिकवता येतात. निरंकुश सत्ता नेहमी सिंहासनावरच बसते असे नाही. ती रूढीच्या रूपाने गावाच्या पाणवठ्यावरही बसते. आणि कायद्याचे राज्य म्हणजे जे चालत आले ते चालू ठेवणे नव्हे. अथेन्सनेही इ.स.पू. ४०३ नंतर हे ओळखले होते. अलिखित कायदा अधिकाऱ्यांनी वापरू नये, कोणताही ठराव कायद्याहून श्रेष्ठ नसावा आणि एकट्या व्यक्तीला उद्देशून कायदा करू नये, असे नियम तेथे झाले. शेवटच्या नियमाला गुप्त मतदानात सहा हजार मतांचा अपवाद होता. आपल्या घटनेतील चौदावा अनुच्छेद शिकवताना हा संदर्भ दिला तर दोन अभ्यासपत्रिका एकमेकींशी बोलू लागतात.

न्यायासनाची परीक्षा

अथेन्सच्या अगोरातील उत्खननात १९५२ मध्ये एक शिलालेख सापडला. तो इ.स.पू. ३३७-३३६ मधील, युक्रेटीसने मांडलेल्या कायद्याचा आहे. त्यावरील शिल्पात लोकशाही ही देवी जनतेच्या मस्तकी मुकुट ठेवताना दिसते. कायदा सांगतो की, निरंकुश सत्ता आणणाऱ्याला मारणारा निर्दोष समजावा. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे : लोकशाही उलथली असता अरिओपागस या न्यायसभेचे जे सदस्य आपल्या आसनावर जाऊन बसतील त्यांचे नागरिकत्व जाईल. निरंकुश सत्तेला न्यायासनाची प्रतिष्ठा उसनी हवी असते, हे अथेन्सने नेमके जाणले होते.

भारतीय विद्यार्थ्याला हा शिलालेख १९७६ शी जोडून दाखवावा. आणीबाणीच्या काळात स्थानबद्धाला न्यायालयाकडे दाद मागता येते असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते अमान्य केले. एकटे मत न्या. ह. रा. खन्ना यांचे होते. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. य. वि. चंद्रचूड होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही अशी तरतूद केली. आणि २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरवला. त्या वेळच्या प्रमुख निकालपत्राचे लेखन न्या. धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे पुत्राचे होते. व्यक्ती चुकतात, संस्थाही चुकतात. ज्या व्यवस्थेत मुलाला वडिलांचा निर्णय मोडता येतो ती कायद्याची व्यवस्था होय. हिप्पियसची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारी ठेवली की वारसा या शब्दाचे दोन अर्थ विद्यार्थ्याला कळतात.

समारोप

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा आधार घेतला. हिप्पियसच्या पतनानंतर क्लायस्थेनीजने उभारलेल्या अथेन्सच्या व्यवस्थेविषयी लिहिताना ग्रोटने 'संविधानिक नीती'ची कल्पना मांडली होती : संविधानाच्या रीतींविषयी सर्वांच्या मनात आदर, त्या रीतींनुसार वागणाऱ्या अधिकाऱ्यांची आज्ञा पाळण्याची तयारी आणि त्याच वेळी त्याच अधिकाऱ्यांवर निर्भीड टीका करण्याची मोकळीक. ही नीती निसर्गतः येत नाही, ती रुजवावी लागते, असे आंबेडकरांनी बजावले. त्याच भाषणात त्यांनी खेड्याच्या आदर्शीकरणावर कठोर टीका केली. खेड्यातील महाविद्यालयात शिकवताना तीही टाळू नये. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील व्यक्तिभक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी दिला. ओटानीजपासून निघालेली वाट अशी घटना समितीपर्यंत येऊन पोहोचते.

याचा अर्थ असा की ग्रीक विचार हा आपल्या अभ्यासक्रमातील परकीय पाहुणा नाही. आपल्या घटनेच्या पायाभरणीच्या वेळी एका मराठी माणसाने तो सभागृहात आणला होता. प्रस्तुत विवेचनावरून अध्यापनासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात. ग्रीक विचाराचा आरंभ सोलोन व पिसिस्ट्रॅटस यांच्या तुलनेने करावा. प्लेटो तीन ग्रंथांतून, एका बदलत्या भूमिकेचा प्रवास म्हणून शिकवावा. सहा शासनप्रकारांच्या तक्त्यावरील प्रश्नाऐवजी एखाद्या प्रसंगाचे विश्लेषण करावयास सांगणारा प्रश्न विचारावा. स्थानिक दस्तऐवज, मग ते रांझ्याचे पत्र असो वा महाडच्या खटल्याची हकिगत, ग्रीक प्रसंगांच्या शेजारी वाचावेत. या घटकाचा शेवटचा तास घटना समितीतील वरील दोन भाषणांना द्यावा.

या सूचनांना तासिकांची मर्यादा, मराठीतील अनुवादांची वानवा आणि परीक्षाकेंद्री दृष्टी हे अडथळे आहेत, याची जाणीव आहे. तथापि पहिला अडथळा शिक्षकाचा स्वतःचा आहे. 'चांगल्या राजाला कायदा कशाला' हा प्रश्न वर्गात उभा राहतो, तेव्हा तो परीक्षेबाहेरचा म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. मी तसे एकदा केले आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात विचारला गेलेला त्या वर्षीचा तो सर्वांत खरा प्रश्न होता. त्याला मुद्द्यांची यादी नको होती. अडीच हजार वर्षांतील माणसांनी त्याच्याशी केलेली झटापट त्याला दाखवायला हवी होती. ती दाखवणे हेच या घटकाच्या अध्यापनाचे प्रयोजन होय.